दुखण्यातून उठताना काय ठरवलं होतंत?

अबोली:
शेजारच्या काकूंचं गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. दुपारभर वॉकरची टकटक ऐकतेय आणि आईचे दिवस आठवताहेत. फिजिओ रोज गुडघा वाकण्याचा कोन मोजायची, ९० झाला, आता १०० करू. आईला त्या आकड्यांचं काही नव्हतं. मग त्या मुलीने विचारलं, "काकू, तुम्हाला नेमकं करायचंय काय?" आई म्हणाली, "गच्चीत जायचंय, उन्हाळी कामं पडलीत." बिल्डिंगला लिफ्ट नाही. त्या दिवसापासून व्यायाम जिन्यावरच. चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा. पहिल्या वळणावर खालच्यांनी आपणहून खुर्ची आणून ठेवली. आधी तिथवर, मग पुढचं वळण. कुरडया त्या वर्षी वहिनीने घातल्या, राखण मात्र आईची!
तुमच्याकडे कोणी काय ठरवलं होतं? लिहा ना.

भाकरतुकडा:
मनगट. प्लास्टर निघालं तेव्हा पेला धरवेना. मला भाकरी थापायची होती, बास. ओला नॅपकिन पिळणं, चेंडू दाबणं, मग कणीक मळणं. भाकरी सगळ्यात शेवटी, तळव्याने दाब देताना मनगट मागे वळावं लागतं ना. पहिली फाटली, ह्यांनी दुधात कुस्करून खाल्ली. कुकर झालाय, येते नंतर

रेडर:
एसीएल, म्हणजे गुडघ्यातला लिगामेंट. कबड्डी. निदान नऊ महिने मैदान बंद. एका पायावर उडी मारून अंतर मोजतात, दुखऱ्या पायाची उडी दुसऱ्याच्या ९० टक्के तरी भरली पाहिजे. मी त्या उडीसाठीच जगत होतो.

मास्तरांची लेक:
बाबांना पक्षाघात, उजवी बाजू. बँकेत अंगठा चालतो, सगळ्यांनी सांगून पाहिलं. "पोरांना अक्षर गिरवायला शिकवलं, मी अंगठा देणार नाही." नोव्हेंबरात पेन्शनचा हयातीचा दाखला, तीच मुदत धरली. पेनावर रबरी नळी चढवून ते जाड केलं. वर्तमानपत्राच्या कडेला गिरवत बसायचे, आधी नुसती रेघ, मग आद्याक्षर, मग आडनाव. जुन्या सहीशी जुळेना म्हणून बँकेने नवीन नमुना घेतला. साहेबांनी फॉर्म पुढे केला आणि बाबांनी न थांबता पूर्ण सही केली. मी बाहेर जाऊन रडून घेतलं.

अबोली:
@मास्तरांची लेक, बाबांना नमस्कार सांगा माझा.

सांगलीकर:
आमच्या जिल्ह्याचे मुरलीकांत पेटकर! १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या, पाय लुळे पडले. मूळचे बॉक्सर. पोहायला लागले ते उपचार म्हणून, आणि १९७२ ला हायडेलबर्ग पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइलचं सुवर्ण.

निशिगंध:
खांदा आखडला होता. भिंतीवर बोटं चालवत न्यायची आणि पोचेल तिथे पेन्सिलीची खूण. मला अंबाडा स्वतःचा स्वतः घालायचा होता. दिवाळीच्या रंगकामात पेंटरने खुणा पुसल्या, इतकं वाईट वाटलं! रंगाचे भाव काय झालेत पण

पाटपाणी:
सासूबाईंना पंगतीत खाली बसायचं होतं. दोन्ही गुडघे बदललेले, डॉक्टर नको म्हणाले. त्यांनी हट्ट सोडला, दुःख नाही गेलं. आता घरात कार्य असलं की आम्ही सगळेच टेबलावर.

भाकरतुकडा:
@पाटपाणी, छान केलंत. @निशिगंध, आमच्याकडे दोन खोल्यांच्या रंगाचे भाव ऐकून ह्यांनी बेत पुढे ढकलला

नवखी:
बाबांचं ऑपरेशन पुढच्या आठवड्यात. वॉकर विकत घ्यावा का?

पाटपाणी:
नको, अनामत ठेवून भाड्याने मिळतो, रुग्णसाहित्य देणाऱ्या संस्था असतात. आमचा पडूनच आहे खरं तर. कुठे राहता?

नवखी:
नाशिक रोड

पाटपाणी:
मी डोंबिवली. भाऊ शनिवारी नाशिकला येतोय, उंची कळवा बाबांची, पाय लांब-आखूड करता येतात.

रेडर:
वॉकरचे ना 😄