एमएसडब्ल्यू सोलापुरातच करू, की तुळजापूरला टिससाठी प्रयत्न करू?

नमस्कार मंडळी. सोलापूर विद्यापीठातून बी.ए. समाजशास्त्र, शेवटचं वर्ष. राहायला पूर्व भागात. आई बिड्या वळते, वडील यंत्रमागावर. पुढे एमएसडब्ल्यूच करायचं, म्हणजे समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी. कुठे ते ठरत नाही.

एक पर्याय इथलाच, वालचंद कॉलेज. घरी राहून होईल. दुसरा तुळजापूरचं टिस, म्हणजे टाटा सामाजिक विज्ञान संस्था. एसटीने तासाभराची वाट, पण शिकवणं इंग्रजीतून आणि प्रवेशाला सीयूईटी-पीजी ही देशपातळीवरची परीक्षा. माझं शिक्षण मराठीतून, घरात तेलुगू. इंग्रजी वाचते, बोलताना अडखळते.

गल्लीतल्या बायकांचे पीएफचे, ओळखपत्राचे अर्ज मीच भरून देते. घरचे म्हणतात, त्याला पदवी कशाला लागते?

फिल्डवर्क, म्हणजे संस्थेत जाऊन प्रत्यक्ष काम, ते सांभाळून संध्याकाळी शिकवण्या घेता येतात का? त्या सोडल्या तर फीचं अवघड आहे. बिडी कामगारांच्या मुलांना श्रम मंत्रालयाची शिष्यवृत्ती असते, ती एमएसडब्ल्यूलाही मिळते का? आणि नोकऱ्या नेमक्या कुठे? 'एनजीओत पगार नसतो' एवढंच सांगू नका, ते रोज ऐकते.

प्रतिसाद
ताई, मी सोलापुरातच एमएसडब्ल्यू केलं. आठवड्याला दोन दिवस फिल्डवर्क, पण खरा वेळ खातात ते अहवाल. कुणाला भेटलात, ते काय बोलले, तुम्ही काय केलंत, सगळं लिहायचं आणि सरांसमोर बसून त्यावर बोलणी खायची. शिकवण्या निभतात. ब्लॉक प्लेसमेंटला, म्हणजे एखाद्या संस्थेत सलग काम करायच्या काळात, मात्र बाहेर राहावं लागतं, तेव्हाची सोय आधीच बघा.

फिल्डवर्कला आपलीच गल्ली मागू नका. तिथे तुम्ही अमक्याची पोरगी. बाई तोंड उघडायच्या आत तुम्ही अर्ज काढाल. ऐकून घ्यायची सवय परक्या ठिकाणी लागते. दवाखाना मागा.

नोकऱ्या म्हणाल तर सरकारी रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक, एचआयव्ही समुपदेशन केंद्र, जिल्हा बाल संरक्षण कक्ष, कंपन्यांचं सीएसआर, म्हणजे त्यांची सामाजिक कामं. समुपदेशन आणि बाल संरक्षणातल्या जागा बहुतेक कंत्राटी, हे धरून चला. तुमची तेलुगू इथे फार कामाची. पूर्व भागातली आजी दवाखान्यात आली की दुभाषा शोधत फिरतात.

सीयूईटी द्याच. बहुपर्यायी पेपर आहे, त्यात बोलावं लागत नाही. तोवर इथलाही अर्ज भरून ठेवा.

धागाकर्ती
धन्यवाद दादा. दोन्हीकडे भरते. गल्लीचं मात्र पटायला वेळ लागेल, मी तीच मागणार होते. शिष्यवृत्तीचं कुणाला माहीत असेल तर सांगा की.