आकडा खरा, पण कुठला?

आकडा दिला की बातमीत पक्षपात उरत नाही असं काहीजण म्हणतात, ते काय पटलं नाही बुवा. आमच्या कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३, आता पाणी ४० वर असलं की एक चॅनल म्हणणार ‘पंचगंगेनं इशारा पातळी ओलांडली’, दुसरा म्हणणार ‘धोक्याच्या ३ फूट खाली’, दोन्ही खरंच की! (२०१९ ला ५५ च्या वर गेलं होतं, ती गोष्ट वेगळी.)

एरवी कॅमेरा नदीकाठच्या जामदार क्लबपाशी लावायचा आणि पट्टी फिरवायची ‘कोल्हापूर पाण्याखाली’, की पुण्याच्या पाव्हण्यांचे फोन सुरू, इकडं राजारामपुरीत दुकानं सगळी उघडी. वरच्या राधानगरी धरणाच्या ७ स्वयंचलित दरवाजांपैकी किती उघडलेत ते मात्र शेवटच्या ओळीत, पाणी चढणार का उतरणार याचा अंदाज तर त्यावरनंच येतोय.