कॅनडाच्या ग्रंथपालांनी आपली राष्ट्रीय संघटना मोडली, ते बरोबर होतं का?

ग्रंथसखी (टोरांटो): १९४६ साली हॅमिल्टनमध्ये स्थापन झालेली कॅनेडियन लायब्ररी असोसिएशन जानेवारी २०१६ मध्ये सभासदांनीच मतदान करून बरखास्त केली. तिच्या जागी आलेला महासंघ ग्रंथालय संघटनांचा आहे. साध्या ग्रंथपालाला त्याचं सभासद होता येत नाही. मला हे साफ चुकीचं वाटतं. एलिझाबेथ होमर मॉर्टन यांनी १९४६ ते १९६८ ओटावातून हा कारभार सांभाळला. जुन्या वर्तमानपत्रांचे कागद पिवळे पडून तुटायला लागले होते, ते संघटनेने मायक्रोफिल्मवर, म्हणजे बारीक छायाचित्रांच्या फितीवर, उतरवून घेतले. राष्ट्रीय ग्रंथालयासाठी सरकारचा पिच्छा पुरवला, आणि १९५३ मध्ये ते उभं राहिलं. यामागे वर्गणी भरणारे ग्रंथपाल होते.

जुना_वाचक: सहमत नाही, ताई. वर्गणी भरणारेच घटत गेले, त्याचं काय? तिथे शाळा आणि सार्वजनिक ग्रंथालयं प्रांतांच्या अखत्यारीत येतात. कायदे तिथले, अनुदानही बहुतांशी तिथलंच. ओंटारियो प्रांताची संघटना तर १९०० पासूनची, अधिवेशनही भलंमोठं. प्रांताची आणि राष्ट्रीय अशा दोन-दोन वर्गण्या कोण भरणार? क्वेबेकच्या फ्रेंच भाषिकांचा संसार तर कधीचाच वेगळा. राष्ट्रीय हे नावापुरतंच उरलं होतं.

ग्रंथसखी: माणसं घटली हे मान्य. पण का घटली? २०११ च्या पुनर्रचनेत संघटनेतले शालेय, विद्यापीठीय आणि विशेष (म्हणजे एखाद्या संस्थेच्या वा विषयाच्या) ग्रंथालयांचे विभाग मोडून त्यांच्या जागी सैलसर 'नेटवर्क' आणली. शाळेतल्या ग्रंथपालाला जिव्हाळा असतो तो आपल्या विभागाचा, ओटावातल्या कचेरीचा नाही. तो विभागच गेल्यावर त्याने वर्गणी कशासाठी भरायची?

पुस्तकपेटी (पुणे): विभाग टिकवले तरी फाटाफूट टळतेच असं नाही. आपल्याकडे १९३३ मध्ये कलकत्त्यात भारतीय ग्रंथालय संघ झाला, ग्रंथालयशास्त्रातल्या रंगनाथनांसारखा दिग्गज अध्यक्ष लाभला, तरी १९५५ मध्ये विशेष ग्रंथालयांनी वेगळी संघटना काढलीच.

जुना_वाचक: तेच म्हणतोय मी. शिवाय महासंघाने काम केलेलं आहे. मूलनिवासी समाजांवरच्या अन्यायाचं सत्य मान्य करून त्यांच्याशी सलोखा करणं, या विषयावरचा त्याच्या समितीचा अहवाल २०१७ मध्ये, म्हणजे वर्षभरात आला. ग्रंथालयांनी नेमकं काय बदलायचं, याच्या शिफारशी त्यात आहेत.

ग्रंथसखी: अहवाल उत्तमच आहे, त्याबद्दल वाद नाही. पण महासंघाचं नेतृत्व ठरताना काउंटरवर बसणाऱ्या ग्रंथपालाला थेट मत नाही. माझा आक्षेप त्याला आहे.