इम्प्लांटआधी चार कॅप्सूल एकदम, नंतर कोर्स नाही, हे बरोबर आहे का?

मृ_नाशिक
आईची (वय ६४) खालची दाढ दोन वर्षांपूर्वी काढली, येत्या गुरुवारी तिथे इम्प्लांट (हाडात स्क्रूसारखा बसवतात तो कृत्रिम दाताचा आधार) बसवायचंय. डॉक्टरांनी एक तास आधी अमॉक्सिसिलिन या अँटिबायोटिकच्या ५०० मिलिग्रॅमच्या चार कॅप्सूल एकदम घ्यायला सांगितल्यात आणि नंतर फक्त पेनकिलर नि माउथवॉश. सासूबाईंना मात्र दुसरीकडे पाच दिवसांचा कोर्स दिला होता. आईला शुगर आहे म्हणून जास्तच धास्ती वाटतेय, चार एकदम जास्त होत नाहीत ना? नंतरचा कोर्स मागून घेऊ का?

दातवाला
मी डेंटिस्ट आहे. २ ग्रॅम एकदम हाच नेहमीचा डोस आहे, हाडात ड्रिल जातं तेव्हा रक्तात औषध भरपूर असावं एवढाच हेतू. २०१३ च्या कोक्रेन रिव्ह्यूत (वेगवेगळ्या ट्रायलचे निकाल एकत्र तपासणारा अहवाल) सहा ट्रायल मिळून ११६२ पेशंट होते, त्यात साधारण २५ जणांना असा डोस दिला की एकाचं इम्प्लांट फेल होणं टळतं असं निघालं. नंतरच्या कोर्सने आणखी फायदा होतो असं त्यात दिसलं नाही. हाडाचा ग्राफ्ट (कमी पडलेल्या जागी हाड भरणं) करायचा असेल तर गोष्ट वेगळी, ते डॉक्टर ठरवतील. शुगरसाठी कोर्स मागण्यापेक्षा एचबीएवनसीचा (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर दाखवणारी रक्ततपासणी) ताजा रिपोर्ट दाखवा, जखम भरायला शुगर ताब्यात असणं फार महत्त्वाचं. पेनिसिलिनची ॲलर्जी नाही ना?

शीतल७८
मला पाच दिवस दिलं होतं, तिसऱ्या दिवसापासून जुलाब, धड जेवण नाही की झोप नाही. उरलेल्या कॅप्सूल डब्यात पडून होत्या, त्या आमच्या ह्यांनी घसा दुखतो म्हणून मनानेच घेतल्या, मी खूप भांडले. कृपया जास्तीचं मागू नका.

मृ_नाशिक
आत्ता आईला विचारलं तर म्हणते लहानपणी पेनिसिलिनचं इंजेक्शन दिल्यावर अंगभर गांध्या उठल्या होत्या, ओठ सुजले होते. डॉक्टरांना सांगितलंच नाही, इतकी जुनी गोष्ट कशाला सांगायची म्हणे!

दातवाला
कॅप्सूल अजिबात देऊ नका!! अमॉक्सिसिलिन पेनिसिलिनच्याच घराण्यातलं आहे. गुरुवारची वाट बघू नका, आत्ताच फोन करा. ते दुसऱ्या गटातलं औषध देतील, फक्त केमिस्टकडून स्वतःहून बदलून आणू नका.

मृ_नाशिक
फोन झाला. औषध बदलून अझिथ्रोमायसिन दिलंय आणि फाइलवर लाल पेनाने ॲलर्जी लिहून घेतली. बरं झालं विचारलंत दादा, मनापासून आभार.