चर्चा : पुस्तक आलं की लेखकाचं काम संपलं?

कानामात्रा : ‘पुस्तक छापून आलं की पुढचं लिहायला घ्यावं, हिशेबाच्या मागे लागणं लेखकाला शोभत नाही.’ कालच्या पोस्टमधलं हे वाक्य वाचून राहवलं नाही. नव्या लेखकांचं नुकसान याच उपदेशानं होतं. रॉयल्टी, म्हणजे विक्रीतला लेखकाचा वाटा, दहा टक्के, पण कशावर? छापील किंमत 100 धरा. करारात ‘छापील किमतीवर’ असेल तर प्रतीमागे 10. ‘निव्वळ जमा रकमेवर’ असेल आणि वितरकाला 50 टक्के सूट गेली असेल, तर 5. टक्का तोच, पैसे निम्मे. प्रकाशकाच्या हिशेबपत्रकात एकूण छापलेल्या, विकलेल्या, परत आलेल्या, अभिप्रायासाठी दिलेल्या आणि शिल्लक प्रती वेगवेगळ्या हव्यात. बेरीज जुळत नसेल तर विचारायचंच. त्यात न शोभण्यासारखं काय आहे?

गोदामकर : विचारा की, पण अर्धंच सांगू नका. दुकानात गेलेली प्रत म्हणजे विकलेली प्रत नव्हे. काही महिन्यांनंतर कोपरे दुमडलेले गठ्ठे परत येतात, म्हणून रॉयल्टीतला काही भाग राखून ठेवतात. पहिल्याच पत्रकावरून प्रकाशकाला चोर ठरवणं हा अन्याय आहे.

कानामात्रा : राखून ठेवा. किती टक्के आणि कोणत्या पत्रकात सोडणार, तेवढं लिहून द्या.

तिसरं प्रूफ : शेवटच्या प्रुफात, म्हणजे छपाईआधी तपासायला दिलेल्या शेवटच्या प्रतीत, लेखक परिच्छेद घुसडतात, त्यावर कुणी बोलणार आहे का? एका मोठ्या कागदावर एकत्र छापायची 16 पानं म्हणजे एक फॉर्म; 192 पानं म्हणजे असे 12 फॉर्म. चार ओळी वाढून प्रकरण नव्या पानावर गेलं आणि पुढचं प्रकरण उजव्या पानावरच सुरू करायचं असलं, की दोन पानं वाढली. 194 झाली, आता तेरावा फॉर्म! सूचीतले पान क्रमांक चुकतात ते वेगळंच. घालायचंच असेल तर त्याच परिच्छेदातून तेवढीच अक्षरं काढा.

उभा दंड : म्हणजे चुकीचं वाक्य तसंच छापायचं? मुखपृष्ठावर नाव लेखकाचं असतं, फॉर्मचं नाही!

तिसरं प्रूफ : असं कोण म्हणालं? चूक सुधारणं वेगळं, नवं सुचलेलं घालणं वेगळं. काय फिरवाफिरवी करायची ती पहिल्या प्रुफात करा. तिसऱ्यात फक्त नावं, सनावळ्या, फोटोओळी, मथळे. मथळ्यातली चूक सगळ्यात उशिरा दिसते, कारण डोळा मजकुरात अडकलेला असतो.

उभा दंड : बरं, नवा मजकूर नको, मान्य. पण युनिकोड (आजच्या संगणक-मोबाइलवर सगळीकडे चालणाऱ्या अक्षरपद्धतीतली) फाइल छपाईच्या जुन्या फॉन्टमध्ये नेताना ‘ऱ्य’, ‘ऱ्ह’, ‘ॲ’ उडतात, त्याचं खापर लेखकावर फोडू नका. ती अक्षरं रूपांतरानंतर लगेच शोधून तपासायला हवीत.

कानामात्रा : आणि प्रकाशनाच्या हक्कांचं काय? ‘पुस्तक उपलब्ध असेपर्यंत हक्क प्रकाशकाकडे’ या कलमावर सही करू नका. मागणीनुसार एकेक प्रत छापता येते, त्यामुळे पुस्तक कधी संपतच नाही. सलग 12 महिन्यांत ठरलेल्या संख्येपेक्षा कमी विक्री झाली तर लेखी मागणीवर हक्क परत, असं लिहून घ्या. ई-पुस्तक, श्राव्य आणि भाषांतराचे हक्क वेगळे नोंदवा.

गोदामकर : संख्येला माझी ना नाही, शिल्लक साठा विकायला मुदत मात्र द्या. आणि हक्क परत आले म्हणजे मुखपृष्ठाचं चित्र आणि मांडणीची फाइल आपोआप मिळते असं नाही. चित्राची परवानगी चित्रकाराकडून वेगळी घ्यावी लागू शकते, हेही करार करतानाच विचारा.