इजिप्तच्या कड्यावरचे अरबी ठसे कसे वाचायचे?

निळाई: कैरोच्या खान अल-खलिली बाजारातलं भरीव चांदीचं कडं आहे, वजन ४८ ग्रॅम, खडे नाहीत. आतून तीन बारीक ठसे आहेत. एक फुलासारखा, दुसऱ्यात घराच्या छपरासारखी खूण आणि उजवीकडे ठिपका, तिसऱ्यात एक अरबी अक्षर. सराफ म्हणतात, ९२५ (हजारात ९२५ भाग चांदी) नाही. मग टंच, म्हणजे शुद्धता, किती धरायचा? आणि कडं किती जुनं असेल?

कसोटी_दगड: छप्पर म्हणजे अरबी आठ, ठिपका म्हणजे शून्य. तुमचा ठसा ८० आहे, म्हणजे हजारात ८०० भाग चांदी. इजिप्तच्या जुन्या चांदीवर ९०, ८० आणि ६० असे टंच दिसतात.

अरबी लिपी उजवीकडून वाचतात, आकडे मात्र आपल्यासारखेच डावीकडून. ठिपका डावीकडे आणि खूण व्हीसारखी वर उघडी दिसली, तर दागिना उलटा धरलाय. नाहीतर आठाचे सात वाचाल. मराठी डोळा आणखी दोन ठिकाणी हमखास फसतो. अरबी पाच आपल्या शून्यासारखा गोल असतो आणि अरबी नऊ बराचसा आपल्या एकासारखा. त्यामुळे अस्सल ९२५ चा ठसा १ ने सुरू होऊन ० वर संपल्यासारखा वाटतो.

रौप्यवेडी: फूल म्हणजे कमळ, आणि वय त्यावरूनच ठरवा. इजिप्तमध्ये १९१६ पासून चांदीवर मांजराचा ठसा असे, १९४६ पासून कमळ आलं. म्हणजे कडं त्यानंतरचं. अक्षर वर्षाचं असतं, पण अरबी वर्णमालेत २८च अक्षरं; त्या एकट्या अक्षरावरून साल ठरवू नका.

ठसा पाहताना दहापट भिंग घ्या आणि उजेड बाजूने, तिरपा पाडा. समोरून फ्लॅश मारला की खाच भरल्यासारखी दिसते. आणि कृपा करून पॉलिश करू नका! बारीक ठसे आधी झिजतात. साबणाचं कोमट पाणी आणि लाकडी काडी पुरे.

कसोटी_दगड: ठसा खरा असला तरी तो याच दागिन्याचा आहे ना, ते बघा. मारलेल्या ठशाच्या कडा तीक्ष्ण असतात. साच्यातून ओतलेल्या नकलेत ठसाही ओतूनच येतो. कडा गोल आणि खाचेत बारीक छिद्रं दिसतात. ठशाभोवती झाळेची (धातू वितळवून केलेल्या जोडाची) रेघ दिसली, तर तो तुकडा दुसऱ्या दागिन्यातून आणून जोडलेला असू शकतो.

मग घनता काढा. ०.०१ ग्रॅमच्या काट्यावर कोरडं वजन घ्या, नंतर दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडवून, भांड्याला न टेकवता वजन घ्या. बुडबुडे झटकायचे. कोरडं वजन भागिले वजनातली घट. तांबं मिसळलेल्या ९२५ ला साधारण १०.३५ येतं, ८०० ला १०.१, ६०० ला ९.८. जर्मन सिल्व्हर (चांदीसारखा दिसणारा, पण चांदी नसलेला मिश्रधातू) ९ च्याही खाली राहतं. पोकळ दागिन्यात हवा अडकते आणि आकडा खोटाच कमी येतो. तिथे ही रीत चालत नाही.

निळाई: कोरडं ४८.००, पाण्यात ४३.२६. झाळ दिसत नाही, कडा धारदार आहेत.

कसोटी_दगड: घट ४.७४, घनता १०.१३. ठशाशी जुळतंय. मोडीत द्यायचं झालं तर शुद्ध चांदी ३८.४ ग्रॅम धरा.

रौप्यवेडी: मोडीत नका देऊ, ठसे इतके स्वच्छ आहेत!