लखनौनंतरचा सन्मान: जंगबहादूर राणांना मिळालेला ‘बाथ’ किताब शौर्याचा होता की सौद्याचा?

मूळ लेखन – बिठूरकर

नेपाळचे पंतप्रधान जंगबहादूर राणा यांच्याविषयी नुकताच एक मराठी लेख वाचनात आला. त्यात, व्हिक्टोरिया राणीने त्यांच्या ‘रणांगणावरील शौर्याबद्दल’ त्यांना ‘नाइट ग्रँड क्रॉस ऑफ द ऑर्डर ऑफ द बाथ’ हा किताब दिला, असे एका वाक्यात सांगून लेखक पुढे गेले आहेत. त्या एका वाक्याला माझा आक्षेप आहे.

हा सन्मान १७२५ साली पहिल्या जॉर्जच्या काळात सुरू झाला आणि नेपोलियनशी झालेली युद्धे संपल्यावर, १८१५ साली, सेनाधिकाऱ्यांचा गौरव करता यावा म्हणून त्याच्या तीन श्रेणी करण्यात आल्या. जंगबहादुरांना मिळाली ती सर्वोच्च श्रेणी होती. ती मिळण्याचे कारण म्हणजे १८५७च्या उठावात इंग्रजांच्या बाजूने केलेली १८५७-५८ची मोहीम. १८५७च्या पावसाळ्यात नेपाळची पहिली तुकडी आझमगढ-जौनपूरच्या बाजूला उतरली. वर्षाच्या अखेरीस जंगबहादूर स्वतः सुमारे आठ-नऊ हजार सैन्य घेऊन निघाले, जानेवारीत गोरखपूर घेतले आणि मार्च १८५८ मध्ये इंग्रज सेनापती कॉलिन कँपबेलच्या फौजेबरोबर लखनौच्या पाडावात सामील झाले. त्यानंतर कैसरबाग या तिथल्या राजवाड्याची आणि शहराची जी लूट झाली, तिच्यात गोऱ्या पलटणींप्रमाणेच गोरख्यांचाही वाटा होता, आणि ती गाड्यांवर लादून नेपाळकडे गेली.

तोपर्यंत दिल्ली पडून सहा महिने झाले होते आणि कानपूरही इंग्रजांच्या हाती परत गेले होते. ज्या युद्धाचा निकाल कोणत्या बाजूला झुकतो आहे हे स्पष्ट दिसत होते, त्यात मोठे सैन्य घेऊन उतरणे हा पक्का राजकीय हिशेब होता, आणि त्याची किंमतही ठरल्यासारखी चुकती झाली: १८५८ साली किताब, १८६०च्या नोव्हेंबरमध्ये तहाने पश्चिम तराईचा, म्हणजे हिमालयाच्या पायथ्याच्या सखल पट्ट्यातला मुलूख, आजचे बाँके, बर्दिया, कैलाली व कंचनपूर हे जिल्हे, आणि पुढे १८७३ साली ‘स्टार ऑफ इंडिया’ या दुसऱ्या इंग्रजी किताबाची सर्वोच्च श्रेणी. आपण मराठी वाचक आहोत, नानासाहेब पेशवे याच तराईत परागंदा होऊन दिसेनासे झाले हे आपल्याला ठाऊक आहे. तेव्हा निदान आपण तरी या मोबदल्याला शौर्यपदक म्हणू नये.

प्रतिसाद – कालीगंडकी

आपण दिलेल्या घटना बरोबर आहेत. निष्कर्ष मात्र मला मान्य नाही. आपण जंगबहादुरांकडे नानासाहेबांच्या बिठूरच्या घाटावरून पाहता आहात. त्यांच्याकडे काठमांडूहून पाहिले पाहिजे.

१८१६ साली सुगौलीचा तह कायम झाला तेव्हा नेपाळने कुमाऊँ, गढवाल, सिक्कीमकडील प्रदेश आणि तराईचा मोठा भाग गमावला होता. त्यानंतरच्या चाळीस वर्षांत पुण्याची पेशवाई गेली, साताऱ्याचे राज्य खालसा झाले, पंजाब गेला, नागपूर गेले, झाशी गेली आणि १८५६ साली अवधही गेले. १८५० साली जंगबहादूर स्वतः इंग्लंड व फ्रान्सला जाऊन आले होते. इंग्रजांच्या गोद्या, कारखाने आणि आरमार त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. अशा माणसाने १८५७ साली इंग्रजांविरुद्ध उभे राहायला हवे होते, असे आपण म्हणता का? आणि तटस्थ राहिले असते तर पुढची पाळी नेपाळची आली नसती, याची हमी कोण देणार होते?

किताब त्यांनी घेतला, पण त्याच्या मोबदल्यात घर उघडे टाकले नाही. रेसिडेंटला, म्हणजे दरबारातल्या इंग्रज प्रतिनिधीला, काठमांडूच्या खोऱ्याबाहेर मनासारखे फिरता येत नव्हते. इंग्रजांना गोरखा जवान हवे होते, तरी मुक्त भरती त्यांनी होऊ दिली नाही. तो दरवाजा त्यांच्या मृत्यूनंतर, पुढचे राणा पंतप्रधान वीर शमशेर यांच्या काळात उघडला. शिवाय नानासाहेबांचा उल्लेख आपण केलात म्हणून सांगतो, की अवधची बेगम हजरत महल आणि त्यांचा मुलगा बिरजीस कद्र यांना आसरा मिळाला तो नेपाळमध्येच, आणि पेशव्यांच्या घरातील स्त्रियांनाही तेथेच राहता आले. सर्वोच्च श्रेणीचा किताब मिळालेल्या माणसाने राणीच्या शत्रूंना आपल्या राजधानीत ठेवून घेतले, याला धैर्य लागत नाही का?

प्रतिसाद – जुने दप्तर

कालीगंडकी यांच्या शेवटच्या मुद्द्यात एक भर घालतो, कारण त्याशिवाय चित्र अपुरे राहते. आसरा मिळाला तो काही थोड्यांना. तराईच्या जंगलात शिरलेल्या हजारो शिपायांना हत्यारे टाकण्याचा निरोप गेला, पाठलागासाठी इंग्रज फौजेला नेपाळच्या हद्दीत येऊ दिले गेले, आणि बरेलीच्या उठावाचे नेते खान बहादूर खान नेपाळमध्ये पकडले जाऊन इंग्रजांच्या हवाली झाले. १८६० साली त्यांना बरेलीत फाशी देण्यात आली. उरलेल्यांतील किती जण तराईच्या तापाने गेले याची गणती कोणी ठेवली नाही.

बिठूरकर

कालीगंडकी यांनी विचारलेला प्रश्न रास्त आहे, आणि त्यांच्या उत्तराने माझे एक मत बदलले. जंगबहादुरांनी इंग्रजांविरुद्ध उभे राहायला हवे होते, असे मी म्हणणार नाही. तसे म्हणण्याचा अधिकार मला नाही. ग्वाल्हेरचे जयाजीराव शिंदे त्याच काळात इंग्रजांच्या बाजूने राहिले आणि १८६१ साली ‘स्टार ऑफ इंडिया’ निघाला तेव्हा पहिल्या मानकऱ्यांत त्यांचे नाव होते. आपल्याच माणसाचा हा इतिहास समोर असताना परमुलखातल्या पंतप्रधानाला द्रोही ठरवणे अन्यायाचे होईल.

पण देशाचे हित आणि राणा घराण्याचे हित या दोन गोष्टी आपण एक करता आहात, तिथे मी थांबतो. १८४६ सालच्या कोतपर्वात नेपाळमधले कित्येक सरदार एका रात्रीत मारले गेले आणि त्या रक्तातून जंगबहादूर सत्तेवर आले. पुढच्याच वर्षी राजा राजेंद्र यांना पायउतार व्हावे लागले आणि सुरेंद्र गादीवर बसले. पण १८५६च्या लालमोहरेने, म्हणजे राजाच्या फर्मानाने, कास्की व लमजुंग या प्रदेशांचे ‘महाराज’पद आणि पंतप्रधानकीचा वंशपरंपरागत हक्क जंगबहादुरांच्या घरात आला. अशा वेळी लंडनहून आलेला सन्मान राजाच्या नव्हे, तर पंतप्रधानाच्या छातीवर लागला. परक्या राणीने नेपाळमध्ये खरा सत्ताधीश कोणाला मानले, हे त्यातून सगळ्या दरबाराला दिसले. त्या घराण्याची सत्ता १९५१ पर्यंत टिकली, आणि पुढच्या राणा पंतप्रधानांनाही असेच इंग्रजी किताब मिळत गेले. चंद्र शमशेर यांना तर इंग्रज सैन्यातील मानद जनरलचा हुद्दाही मिळाला. किताबांच्या या परंपरेने नेपाळी प्रजेला काय दिले, ते मला सांगावे.

कालीगंडकी

प्रजेला बाँके, बर्दिया, कैलाली आणि कंचनपूर दिले. आज त्या चार जिल्ह्यांत राहणाऱ्या नेपाळी माणसाला विचारल्यास तो मुलूख त्याच्यासाठी ‘नया मुलुक’ आहे, कोणाच्या घराण्याची खाजगी दौलत नव्हे. त्यातल्या पुष्कळ जमिनी राणांनी आपल्या भावाबंदांना वाटल्या, हे मी नाकारत नाही. राजाविषयीचा आपला मुद्दा मात्र मी मान्य करतो. किताब सुरेंद्र यांना मिळायला हवा होता असे मी म्हणणार नाही, कारण मोहिमेवर ते गेले नव्हते. परंतु त्या किताबाचा वजन म्हणून घरात उपयोग झाला, हे खरे आहे.

प्रतिसाद – जुने दप्तर

नया मुलुक हा शब्द आला म्हणून एक गोष्ट नोंदवतो. ती मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत जिव्हारी लागणारी वाटते. सुगौलीनंतर काली आणि राप्ती या नद्यांमधली ही तराई कंपनीने स्वतःकडे ठेवली नव्हती. १८१६ सालीच, नवाबाकडून घेतलेल्या कर्जाच्या मोबदल्यात, ती अवधला दिली होती. म्हणजे १८६० साली जंगबहादुरांना जे बक्षीस मिळाले, ते अवधच्या दौलतीतून कापलेले होते. त्याच अवधची बेगम त्या वेळी त्यांच्याच आश्रयाला राहत होती. तिने १८७९ साली काठमांडूतच डोळे मिटले. घंटाघराजवळच्या जामे मशिदीपाशी तिची कबर आहे, आणि तेथून चालत जाण्याइतक्या अंतरावर टुंडिखेल मैदानाच्या कडेला जंगबहादुरांचा अश्वारूढ पुतळा आहे. मी दोन्ही ठिकाणी गेलो आहे. पुतळ्याची जागा कोणीही दाखवते. कबर शोधायला मला तिघांना विचारावे लागले.

बिठूरकर

अवधच्या कर्जाची बाब मला माहीत नव्हती. त्याबद्दल आपला आभारी आहे. माझ्या मूळ लेखनातील ‘सौदा’ हा शब्द मी मागे घेत नाही, परंतु जंगबहादूर हे या सौद्यात केवळ विकले गेलेले होते असा अर्थ त्यातून निघत असेल, तर तो चुकीचा आहे. त्यांनी भावही केला, आणि आपल्या बाजूने चांगला केला. त्या लेखाच्या संपादकांना मी एवढेच कळवणार आहे, की ‘रणांगणावरील शौर्याबद्दल’ हे शब्द काढून तेथे ‘१८५७-५८च्या मोहिमेत इंग्रजांना दिलेल्या लष्करी मदतीबद्दल’ असे लिहावे, आणि पुढच्याच वाक्यात पश्चिम तराईचा उल्लेख करावा. कालीगंडकी यांना हे शब्द मान्य आहेत का?

कालीगंडकी

मान्य आहेत. त्याच परिच्छेदात बेगमेला मिळालेल्या आश्रयाचाही उल्लेख असावा, एवढी माझी विनंती आहे. आणि खान बहादूर खान यांचाही.